पहिला नंबर चांगुणाचा

संगमनेर, दि. ६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप राहीआक्काच्या पायाशी धाकट्या भिमाजीचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार तू कागदावरच मान्य करून घे. सध्या माझी कंबर साष्टांगाला तयार नाही आणि त्याचं कारण पुढे सविस्तर येणार आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? पारनेरच्या थंडीत ते यंदाही आखडले असतील, तर मी पाठवलेलं तेल लावत जा, देवघरात ठेवून त्याचा उपयोग नाही. दाजींचा खोकला थांबला का, आणि थांबला असेल तर त्यांनी विडी सोडली की डॉक्टर बदलला, हेही कळव. इकडे सर्व ठीक आहे. मी फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोन लागला की तुझं ते कानातलं यंत्र शीळ घालायला लागतं आणि मग मी माझं बोलतो, तू तुझं बोलतेस. मागच्या खेपेला मी तुझ्या भावजयीच्या, चांगुणाच्या तब्येतीचं सांगत होतो आणि तू मला अर्धा तास कांद्याच्या रोपांबद्दल सल्ला दिलास. (सल्ला चांगला होता.) शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं चांगुणाला ऐकू जातं, आणि हे पत्र तिच्याबद्दलच आहे. म्हणून कारखान्याच्या निवृत्त कामगारांच्या वाचनालयात बसून लिहितोय. पत्र तुला तुझी नात अश्विनी वाचून दाखवील. (अश्विनी, बाळ, कंसातला मजकूर आजीला वाचून दाखवायचा नाही, तो फक्त तुझ्यासाठी आहे. आतापर्यंतचे कंस वाचून झाले असतील तर असू दे, त्यांत विशेष काही नव्हतं.)

चांगुणाचं तुला माहीत आहे. वर्ष झालं, तिच्या अंगावरून जातंय. पिशवीत गाठी आहेत. कॅन्सरची तपासणी झाली, तो नाही. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, रक्त आठावर आलं होतं ते आता अकरावर नेलंय. पण रक्त भरायचं आणि पुन्हा जाऊ द्यायचं, असं किती दिवस चालणार? पिशवी काढावी लागेल, असं डॉक्टर नीलांबरीबाईंनी दिवाळीतच सांगितलं. राहिला प्रश्न कुठे आणि कशी काढायची याचा, आणि तो प्रश्न तुझ्या भावानं सोडवलेला आहे. चांगुणाची सही तेवढी बाकी आहे, ती किरकोळ बाब आहे. (अश्विनी, हा शाईचा डाग पेनाचा आहे. वाचनालयाचं पेन गळतं.)

कसा सोडवला ते ऐक. आपल्या इथल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दिवाळीनंतर ऑपरेशनचा रोबोट आला. रोबोट म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे चालणारा-बोलणारा लोखंडी माणूस उभा राहील, तर तसलं काही नाही. एक खांब, त्याला चार लांब हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला पेन्सिलीएवढं हत्यार. पोटाला बोटभर भोकं पाडून ती हत्यारं आत जातात. डॉक्टरीणबाई चार पावलांवर खुर्चीत बसतात, डोळे एका खिडकीला लावतात आणि बोटं हलवतात. त्या हलवतील तेवढेच ते हात हलतात. स्वतःच्या मनानं ते यंत्र काही म्हणजे काही करत नाही. (या बाबतीत ते हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांसारखं आहे. त्यांचं नाव अवधूतराव. ट्रस्टचे चेअरमन बोट हलवतील तेवढेच तेही हलतात. माणूस वाईट नाही.) आता नवं यंत्र आलं की रुग्णांच्या सुरक्षेसाठी समिती हवी, आणि तीत डॉक्टर नसलेला एक माणूस हवा, असं तिथे ठरलं. चेअरमननी माझं नाव सुचवलं. कारण उघड आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी एकतीस वर्षं काढली आणि एकतीस वर्षांत माझ्या बॉयलरनं कुणाला भाजलं नाही. (माझी डावी भुवई सोडून. ती पुन्हा उगवली आहे.)

पहिल्याच बैठकीत मी उठून सांगितलं, की यंत्र वाफेचं असो नाही तर पिशवी काढायचं असो, ते चालू करायला सगळेच शिकतात. ऐनवेळी बंद करून माणूस बाहेर काढायला कोण शिकलाय ते मला आधी दाखवा. सगळे डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, मुद्दा चांगलाच पोचला. (नंतर कळलं, की नीलांबरीबाईंनी हेच आधी दहा पानांत लिहून सगळ्यांना वाटलं होतं. माझी प्रत मी स्कूटरच्या डिकीत ठेवली होती, ती अजून तिथेच आहे.) बाई तशा कडक आहेत. स्वतः पुण्यात महिनोन्महिने शिकून आल्या, तरी पहिली दहा ऑपरेशनं पुण्याचे जुने सर्जन शेजारी उभे असल्याशिवाय करायची नाहीत, असं त्यांनी स्वतःवरच बंधन घालून घेतलंय. त्या दहांत अवघड केस घ्यायची नाही. आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी सांगायचं, की हे ऑपरेशन नेहमीच्या दुर्बिणीनंही होतं, रोबोटच पाहिजे असं काही नाही. या शेवटच्या मुद्द्याला अवधूतरावांचा चेहरा पडला, कारण त्यांनी बसस्टँडजवळ लावायचा फ्लेक्स छापायला दिला होता आणि त्यावर बरोबर उलटं लिहिलेलं होतं.

माझं स्वतःचं मोठं काम म्हणजे संमतीचा फॉर्म. पूर्वी तो इंग्रजीत होता आणि त्यावर नवऱ्याची सही घ्यायचे, बाईला कुणी विचारतच नव्हतं. मी म्हणालो, कारखान्यात बॉयलरजवळ जाणाऱ्या माणसाची सही आम्ही त्याचीच घ्यायचो, त्याच्या बायकोची नाही. मग इथे उलटी रीत कशाला? मग फॉर्म मराठीत झाला. पिशवी काढायलाच पाहिजे का, दुसरा काही इलाज आहे का, यंत्र मधेच थांबलं तर काय करणार, हे प्रश्न बाईनं विचारायचे आणि डॉक्टरनं उत्तरं द्यायची. त्या वेळी नवऱ्यानं खोलीबाहेर बाकावर बसायचं. आणि बाई हो म्हणाली की नाही म्हणाली, हे तिच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. हा शेवटचा नियम माझा, आक्का. तो एकमतानं मंजूर झाला आणि टाळ्या पडल्या. (टाळ्या एकट्यानंच वाजवल्या, पण ते चेअरमन होते.) यंत्राची खोकी उघडली त्या दिवशीही मी हजर होतो आणि काही बारीकसारीक सूचना केल्या होत्या. त्यांतल्या एका सूचनेकडे पुढे यावं लागणार आहे.

तर संक्रांतीनंतर हॉस्पिटलनं बायकांचं हळदीकुंकू ठेवलं. कल्पना अवधूतरावांची. हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून हॉस्पिटलचं नाव कोरलेली स्टीलची डबी, आणि मधे रोबोटची माहिती. आजूबाजूच्या गावांतून दोनशे बायका आल्या. नीलांबरीबाईंना त्याच वेळी एक बाळंतपण निघालं, म्हणून माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. दोनशे बायकांच्या हळदीकुंकवात स्टेजवर एकटा पुरुष, अशी वेळ आपल्या घराण्यात कुणावर आली नसेल. पण मी डगमगलो नाही. चाळीस मिनिटं बोललो. बॉयलरपासून सुरुवात केली. (रोबोट पस्तिसाव्या मिनिटाला आला.) शेवटी प्रश्न विचारा म्हणालो, तर मागून एक नऊवारीतल्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "सायेब, समदं ब्येस हाय. पन तुमची मंडळी झोपवताल का त्या हाताखाली?" सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. चांगुणा तिसऱ्या रांगेत मांडीवर डबी घेऊन बसली होती. मी जराही वेळ न घालवता माइकवर सांगितलं, की पहिला नंबर चांगुणाचा. आक्का, त्या टाळ्या मात्र खऱ्या होत्या. अवधूतरावांनी तिथल्या तिथे तीस जानेवारी ही तारीख जाहीर करून टाकली. मांडव उठायच्या आत ही बातमी फोटोसकट सगळ्यांच्या मोबाईलवर गेली, आणि फोटोत चांगुणा डबीकडे बघत होती.

घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली होती आणि एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, भांड्यांचा आवाजसुद्धा नेहमीएवढाच. तिचं तोंड तेवढं बंद. मी तिला फॉर्म आणून दाखवला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुलीही करून दिली. तिनं तो घेतला आणि फ्रिजवर ठेवून दिला. लाजली असेल, असं मला वाटलं. दोनशे बायकांत नाव घेतलं म्हटल्यावर माणूस लाजणारच. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी टाकता टाकता ती म्हणाली, "आधी तुमी झोपा तिथं. मग बघू." एवढंच बोलली आणि आमटी आणायला आत गेली.

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. कारखान्यातही हंगामाच्या आधी आम्ही ऊस न टाकता सगळं फिरवून बघायचो. मी नीलांबरीबाईंना सांगितलं, तर त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, बरं झालं, टेबलावर माणूस झोपवून सगळी तालीम करायचीच आहे आणि सिस्टर पोरींची वजनं पन्नासच्या आत आहेत, तुमचं किती? माझं ब्याऐंशी. ते ऐकून त्यांना फार आनंद झाला. चांगुणालाही घेऊन या, म्हणाल्या, रुग्णाच्या बाजूनं बघायला कुणीतरी पाहिजेच.

मागच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी आम्ही गेलो. चांगुणाला हिरवा झगा आणि टोपी घालून भिंतीशी उभं केलं. मलाही झगा दिला, पण तो पेशंटचा, म्हणजे पुढून बंद आणि मागे दोन नाड्या, त्यांतली एक तुटकी. (पुढचं वर्णन आजीला अजिबात वाचून दाखवू नकोस.) या ऑपरेशनला माणसाला नुसतं झोपवून भागत नाही. पाय दोन्हीकडे आधारावर ठेवून बांधतात आणि मग सगळं टेबल डोक्याच्या बाजूनं खाली करतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकून पिशवी मोकळी दिसते. मी कारखान्यात टाकीचा तळ तपासायला उलटा लटकलेलो आहे, पण तेव्हा अंगात पँट असायची. आणि बघायला बायको नसायची. तरी मी शांतपणे छताकडे बघत पडलो होतो. टेबल खाली जायला लागलं. रोबोटचे हात माझ्या पोटाच्या वरती हवेत आणून उभे केले होते. तालीम असल्यामुळे आत काही घालायचं नव्हतं. नीलांबरीबाई आकडे म्हणत होत्या, पंधरा अंश, वीस अंश, पंचवीस अंश.

पंचविसाला मी निघालो. आधी चार बोटं, मग वीतभर, मग माझं डोकं टेबलाच्या कडेवरून बाहेर आलं. कंबर तिथेच मुरगळली. तिथे साळूबाई म्हणून एक जुन्या मावशी साफसफाईला असतात. त्यांनी हातातलं फडकं टाकलं आणि माझं डोकं दोन्ही हातांनी झेललं, नाहीतर हे पत्र तुला दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असतं. "बाई, टेबल वर घ्या, सायेब खाली निगालं," असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की जणू रोज एक साहेब निघतो. टेबल सपाट केलं. रोबोटचे हात होते तिथेच हवेत उभे होते आणि माझं पोट त्यांच्याखालून वीतभर पुढे गेलेलं होतं. ते बघितलं आणि आक्का, मी दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं. यंत्राचे हात जागा सोडत नाहीत. नळ जागच्या जागी घट्ट आणि टाकीच हलली तर जोड फाटतो, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. इथे टाकी म्हणजे माणसाचं पोट होतं.

आता मी घसरलो का? माणूस घसरू नये म्हणून टेबलावर खास मऊ गादी असते, अंगाला धरून ठेवणारी, आणि ती यंत्राबरोबरच आली होती. नीलांबरीबाईंनी चादर उचलली. गादी होती, पण तिच्यावर कंपनीतून येताना होतं तसं गुळगुळीत प्लास्टिक होतं. काढलंच नव्हतं. त्याच्यावर चादर. त्याच्यावर मी. (अश्विनी, आता खरं सांगतो, पण हे तुझ्या पोटात ठेव. खोकी उघडली त्या दिवशी अवधूतराव प्लास्टिक ओढायला लागले होते, त्यांचा हात मी धरला. म्हणालो, नवी वस्तू आहे, डाग पडतील, चेअरमन बघून जाईपर्यंत राहू द्या. ती माझी सूचना होती. समितीच्या वहीत सही आहे. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक कोण लगेच काढतं, तूच सांग. तुझ्या बापानं ट्रॅक्टरच्या सीटचं काढलं का?) अवधूतराव माझ्याकडे बघत होते आणि मी छताकडे. चूक कुणाची हे महत्त्वाचं नसतं, चूक सापडली हे महत्त्वाचं असतं, असं मी झग्याची नाडी धरून सगळ्यांना समजावून सांगितलं.

त्यानंतर जे झालं त्यानं मी जरा नाराज झालो, हे कबूल करतो. नीलांबरीबाईंनी तिथल्या तिथे तीस तारीख रद्द केली. चेअरमननी पाहुणे बोलावले होते, फ्लेक्स लागले होते, अवधूतरावांना घाम फुटला. मीही म्हणालो, बाई, कारण सापडलंय, प्लास्टिक काढा आणि तारीख राहू द्या. त्या म्हणाल्या, "बॉयलरला एक गळती सापडली की तुम्ही बाकीचे जोड बघत नव्हता का?" बघत होतोच. "आज गादी कळली," त्या म्हणाल्या, "अजून काय कळायचंय ते कळू द्या. तोवर कुणालाही या टेबलावर घेणार नाही." चेअरमनना फोनही त्यांनी स्वतः लावला आणि पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलं. हे चालू असताना चांगुणा भिंतीशी उभी राहून बाईंकडे एकटक बघत होती. फोन संपल्यावर ती माझ्याजवळ आली, माझ्या झग्याची उरलेली नाडी नीट बांधली आणि मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. तिला बाईंना इंजेक्शनाचं काहीतरी विचारायचं होतं. मी बाकावर पाऊण तास बसलो. इंजेक्शनाला एवढा वेळ का लागावा कळलं नाही, पण नियम माझाच असल्यामुळे आत डोकावता येत नव्हतं.

बाईंचं म्हणणं खरं ठरलं, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. पुढच्या तालमीला मी माझी कारखान्यातली शिट्टी घेऊन गेलो. शिट्टी वाजली की रोबोट बंद पडला असं समजायचं, हात बाजूला काढायचे, टेबल सपाट करायचं आणि पोट उघडून ऑपरेशन करायची जुनी हत्यारं पुढ्यात आणायची. हात निघाले, टेबल सपाट झालं, पण हत्यारांच्या नव्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली अवधूतरावांच्या खिशात. अवधूतराव तेव्हा बसस्टँडवर जुने फ्लेक्स उतरवून घेत होते. आता त्या कपाटाला कुलूपच नाही. त्यानंतरच्या तीन तालमी सुरळीत पार पडल्या, गादी उघडी, अंगाला चिकटून, मी पंचविसाला केसभरही हललो नाही, आणि शिट्टीपासून दीड मिनिटाच्या आत सगळं बाहेर. प्रत्येक वेळी टेबलावर मीच होतो. हॉस्पिटलात आता मला झगा मागावा लागत नाही, माझ्या नावाचा वेगळा ठेवलेला असतो. नवी तारीख अठरा फेब्रुवारी, बुधवार. पुण्याचे सर्जन यायचे आहेत.

तेव्हा आक्का, तू बिलकुल काळजी करू नकोस. सुरक्षेची बाजू तुझ्या भावाच्या हातात आहे आणि मी पूर्ण निर्धास्त आहे. जेवण व्यवस्थित जातं, झोप व्यवस्थित लागते. (हाही डाग पेनाचाच.) दाजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा धाकटा,
भिमाजी

ता. क. : दिवाळीत लोणच्याची चिनी मातीची बरणी दिली होती, ती रिकामी झाली असेल तर पाठव. चांगुणा विचारत होती.

ता. क. दुसरा : चांगुणा काही विचारत नव्हती. ती अजून कामापुरतंच बोलते. बरणीचं निमित्त करून तूच ये. गाडीनं आळेफाट्यापर्यंत आलीस तर मी तिथे घ्यायला येतो. फॉर्म फ्रिजवर तसाच कोरा पडलाय, मी रोज सकाळी उठून बघतो. अठरा तारीख बारा दिवसांवर आली. मी दहादा विचारलं, सही झाली का, तर ती म्हणते, बघू. तुझं ती ऐकेल. तू तिच्याजवळ बस आणि एवढी सही घेऊन दे. दोनशे बायकांपुढे बोललोय ते जाऊ दे, माझी फजिती झाली तर झाली. पण तिचं रक्त पुन्हा आठावर जायला नको.

ता. क. तिसरा : (अश्विनी, हा सगळाच कंस समज. एकतीस वर्षं मी बॉयलरशेजारी डबा खाल्ला आणि एकदाही घाबरलो नाही. आता टेबलावर मी घसरलो ते रोज आठवतं, फक्त माझ्या जागी ती असते. नवीन गादी मी हातानं दाबून बघितली, यंत्राच्या वायरी मोजल्या, डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न चार वेळा विचारला, त्यांनी चार वेळा उत्तर दिलं. तरी मला भीती वाटते. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि घरात साखर कुठल्या डब्यात असते हे मला माहीत नाही. आजीला म्हणावं, मामाआजोबा एकदम मजेत आहेत.)

सौ. चांगुणाकडून वन्संना नमस्कार. पाकीट चिकटवायचा डिंक माझ्याकडं असतो, म्हणून पत्र माझ्या हाती आलं. सगळं वाचलं, कंस पण वाचले. तुमच्या भावाला वाटतं मी सही केली न्हाई. सही होऊन नऊ दिवस झाले. घरातला फारम कोराच हाय, मी हास्पिटलातल्या फारमवर केली, ज्या दिवशी हे टेबलावरून घसरले त्याच दिवशी. पाऊण तास मी डाक्टरीनबाईंना सतरा प्रश्न विचारले. यंत्र न्हाई घेतलं तरी चालतं का, ते पण विचारलं. चालतं म्हणाल्या, नीट सांगितलं दोन्ही. मग मीच ठरवलं. एवढे पाहुणे, एवढे फलेक, आन ती बाई सगळ्यांपुढं म्हणाली थांबा. जिला थांबता येतं तिच्या हाताखाली झोपायला मला भ्या न्हाई. यांना सांगू नका असं मी म्हणाले, तर त्या हसल्या, म्हणाल्या तसा नियमच हाय, तुमच्याच मिस्टरांनी केलेला.

यांनी सही झाली का हे दहादा विचारलं. चांगुणा, तुला काय वाटतं, हे एकदा पण न्हाई विचारलं. विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. अजून बारा दिवस हायेत, मी वाट बघते.

पहिला नंबर माझाच. पण मांडवात बोलले म्हणून न्हाई. फ्रिजला सात वर्षं झाली, त्याचं प्लास्टिक आज मी काढून टाकलं, यांना अजून दिसलं न्हाई.

वन्सं, तुमी यावा. अठरा तारखेला माझ्याजवळ बसायला डाक्टर हायेत, सिस्टर हायेत, साळूबाई हाय. तुमी यांच्याजवळ बसा. साखर निळ्या झाकणाच्या डब्यात हाय, यांना तेवढा चहा करून द्या. आन वाचनालयाचं पेन गळत न्हाई. यांच्या खिशातनं ते घरी आलंय, मी आत्ता त्याच पेनानं लिहितेय, माझ्या बाजूला एक तरी डाग पडला का बघा.